डिस्चार्ज बुकात नसलेले मेडल: नोंद कशी चढवून घ्यायची

आधी काळी पेटी उघडा. माजी सैनिकाच्या घरात ती असतेच. पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि पलटण लिहिलेली. बहुधा ती माळ्यावर गेलेली असते आणि आता तिच्यात गोधड्या असतात. गोधड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली नोकरीच्या नोंदींची वही, सापडेल. मेडलची चौकशी त्या वहीपासून सुरू करायची.

मी स्वतः युनिटच्या ऑफिसात क्लार्क होतो. निवृत्त होऊन गावी आल्यावर आसपासचे माजी सैनिक, त्यांच्या बायका, नातवंडे असे कुणी ना कुणी कागद घेऊन येत राहिले. त्यातले एक वडीलधारे ओट्यावर बसता बसताच म्हणाले होते, "अरे, एकाहत्तरला मी तिथं होतो. मेडल कुणाकडं मागायचं तेवढं सांग." मी विचारले, "तात्या, मेडल हातात आलं नाही, की नोंदच नाही?" त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच ठाऊक नव्हते, आणि बहुतेकांना नसते. हा लेख त्या एका फरकावर उभा आहे. मेडल धातूचे असले तरी ते मिळते कागदावरून, आणि तो कागद कुठे तुटला हे कळल्याशिवाय केलेला अर्ज वर्षानुवर्षे फिरत राहतो.

कागद चालतो कसा

सैनिक एखाद्या मेडलला पात्र ठरला की त्याचे युनिट तशी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, काढते. बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, जखम, मेडल, सगळे याच ऑर्डरमधून प्रसिद्ध होते. ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या सैनिकांची कागदपत्रे ठेवणाऱ्या कार्यालयाला जाते. तिथे ती सैनिकाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर चढवतात. निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरतात. म्हणजे साखळीला तीन कड्या: युनिटची ऑर्डर, रेकॉर्ड ऑफिसचा शीट रोल, तुमच्या हातातली वही.

ऑर्डर निघाली, शीट रोलवर चढली, पण डिस्चार्ज बुक भरणाऱ्याच्या नजरेतून सुटली, तर ही सगळ्यात सोपी केस. एका अर्जात काम होते. ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढलीच नाही, तर ऑर्डरचा नंबर किंवा निदान वर्ष शोधावे लागते. ऑर्डरच निघाली नाही, तर तुम्ही त्या जागी त्या काळात होता हे नव्याने दाखवावे लागते, आणि खरी मेहनत तिथे असते. चौथा प्रकार वेगळाच: नोंद सगळीकडे व्यवस्थित आहे, फक्त मेडल कधी हातात पडले नाही. अशा माणसाने "नोंद दुरुस्त करा" असा अर्ज केला तर रेकॉर्ड ऑफिस "नोंद बरोबर आहे" एवढेच उत्तर पाठवून फाइल बंद करते. त्यात त्यांची चूक नाही.

युनिटची ऑर्डर का चुकते, हे आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. मेडलची घोषणा बहुधा मोहीम संपल्यावर होते. तोवर निम्मी माणसे बदलून गेलेली असतात, काही पेन्शनीत. नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी बनवणारा क्लार्क आज हजर असलेल्यांची यादी आधी करतो आणि गेलेल्यांची "नंतर बघू" म्हणून ठेवतो. दुसरे कारण अटॅचमेंट. सिग्नलचा, ईएमईचा (यंत्रदुरुस्ती) किंवा एएससीचा (रसद-वाहतूक) जवान पायदळ पलटणीबरोबर आघाडीवर असतो. पलटण म्हणते तो आमच्या स्ट्रेंथवर, म्हणजे हजेरीपटावर नव्हता, आणि मूळ युनिट म्हणते तो इथे हजर नव्हता. तिसरे कारण हॉस्पिटल. जखमी होऊन मागे गेलेला माणूस युनिटच्या स्ट्रेंथवरून कमी होतो, आणि यादी बनते तेव्हा त्याचे नाव कुणाच्याच डोळ्यांसमोर नसते. ज्याचा हक्क सगळ्यात मोठा, तोच सुटतो.

कोणते मेडल मागता येते

इथे एक रेघ स्पष्ट ओढून घ्या. वीर चक्र, सेना मेडल यांसारखी शौर्यपदके शिफारशीवर मिळतात. त्या वेळी शिफारस झाली नसेल तर आज अर्जाने ती होत नाही. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल यांनाही निवड लागते. नुसती वर्षे भरली म्हणून ती मागता येत नाहीत. "माझ्याबरोबरच्याला मिळालं, मला का नाही" हा वाद रेकॉर्ड ऑफिसशी घालण्यात अर्थ नाही.

हा लेख आहे सेवापदकांबद्दल. त्यांना अट असते, आणि अट पुरी झाली की हक्क असतो. स्वतःच्या नोकरीच्या तारखा समोर ठेवून एकेक तपासा.

सगळ्यात सोपी तपासणी स्वातंत्र्याच्या वर्धापन दिनांची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्यांसाठी पंचविसाव्या वर्धापनाचे मेडल, १५ ऑगस्ट १९९७ साठी पन्नासाव्याचे, १५ ऑगस्ट २०२२ साठी पंच्याहत्तराव्याचे. भरती आणि डिस्चार्जच्या तारखांच्या मध्ये तो दिवस येतो का, एवढेच पाहायचे. १९६५ ला भरती होऊन १९८० च्या सुमारास घरी आलेल्या माणसाच्या वहीत १९७२ चे मेडल नसेल तर काहीतरी सुटले आहे हे बोटावर मोजून कळते. तशीच ९, २० आणि ३० वर्षांच्या नोकरीची दीर्घ सेवा मेडले. मात्र प्रत्येक मेडल कधीपासून लागू झाले याचा सरकारी आदेश असतो, आणि त्याआधी निवृत्त झालेल्याला ते आपोआप लागू होत नाही.

मग युद्धांची. १९६५ साठी समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रातल्यांना आणि रक्षा मेडल त्याहून व्यापक. १९७१ साठी पूर्वेकडच्या आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीला पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ पासून २० डिसेंबर १९७२ पर्यंतच्या काळात ठरावीक राज्यांतल्या सेवेसाठी संग्राम मेडल. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढलेल्या पहिल्या मराठाच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या जवानाकडे पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल दोन्ही असायला हवीत. एकच असेल तर दुसऱ्याची चौकशी करावी. १९९९ च्या कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रासाठी आणि ऑपरेशन विजय मेडल त्या काळातल्या व्यापक तैनातीसाठी. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर गेलेल्यांसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल.

त्याआधीची पिढी आता फार थोडी उरली आहे, पण त्यांची मुले विचारतात म्हणून: सामान्य सेवा मेडल १९४७ ला क्लॅस्प असतात. क्लॅस्प म्हणजे रिबनवर बसणारी धातूची पट्टी, जिच्यावर मोहिमेचे नाव असते. जम्मू आणि काश्मीर, नागा हिल्स, लडाख १९६२, नेफा १९६२ आणि गोवा १९६१ हे त्यातले काही. गोव्याच्या मुक्तीत गेलेल्या कित्येक जवानांच्या घरी मेडल आहे पण क्लॅस्प नाही, कारण मेडल आधी दुसऱ्या मोहिमेसाठी मिळाले होते आणि गोव्याची पट्टी त्यावर नंतर यायची राहिली. क्लॅस्पची नोंद वेगळी होते. अर्जातही "क्लॅस्पसह" असे लिहावे लागते. १९६० पासूनच्या सैन्य सेवा मेडललाही जम्मू आणि काश्मीर, नेफा, हिमालय असे क्लॅस्प आहेत. ते युद्धाचे नव्हे, खडतर भागातल्या नोकरीचे मेडल आहे, आणि माझ्या पाहण्यात सर्वात जास्त सुटलेले हेच. याशिवाय ९,००० फुटांच्या वर १८० दिवस काढलेल्यांसाठी उच्च तुंगता मेडल, सियाचिनसाठी सियाचिन ग्लेशियर मेडल आणि परदेशातल्या तैनातीसाठी विदेश सेवा मेडल.

जखमेच्या मेडलबद्दल जरा थांबून सांगतो. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला वून्ड मेडल असते, पराक्रम पदक हे त्याचेच नाव. त्यासाठी जखम बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली जखम, म्हणून प्रसिद्ध झालेली असावी लागते. आता हीच नोंद वॉर इंज्युरी पेन्शनचाही पाया आहे. सेवापदकाला भत्ता नसतो, पण बॅटल कॅज्युअल्टीची नोंद चुकलेली असेल तर गेली तीस-चाळीस वर्षे पेन्शन कमी मिळत असण्याची शक्यता आहे. म्हणून कुणी वून्ड मेडलसाठी आले की मी आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बघतो, मेडलचे नंतर. तुमच्या घरात असा माणूस असेल तर अर्जातला पहिला मुद्दा कॅज्युअल्टीच्या वर्गीकरणाचा ठेवा.

आपले रेकॉर्ड नेमके कुठे आहे

मेडल दिल्लीहून मिळते असे लोकांना वाटते आणि ते संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहितात. ते पत्र फिरत फिरत शेवटी रेकॉर्ड ऑफिसलाच येते, फक्त चार महिने उशिरा. सरळ तिथेच लिहा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला. तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला. रणगाडा दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे नगरला. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला. महाराष्ट्रातले बरेच सैनिक एवढ्यातच बसतात. सिग्नलवाल्यांनी जबलपूरला लिहायचे, ईएमई आणि ऑर्डनन्सवाल्यांनी सिकंदराबादला, मेडिकलवाल्यांनी लखनौला. नौदलाच्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये, आणि हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. सेनेच्या अधिकाऱ्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिसात नसतात. ते दिल्लीत सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे असतात.

दोन खाचखळगे लक्षात ठेवा, कारण बहुतेक अर्ज इथे अडकतात.

पहिला, नंबरचा. शिपाई म्हणून भरती होऊन नायब सुभेदार झालेल्या माणसाचा नंबर बदलतो. पुढे जेसी (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरची खूण) लागून नवा नंबर येतो. १९७१ ला तो नाईक असेल तर त्या वेळच्या सगळ्या ऑर्डर जुन्या नंबरावर आहेत. अर्जात फक्त जेसी नंबर टाकला तर शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर शोभेचे नसते, नंबर टाइप करताना चुकला तर त्यावरून पकडता येतो.

दुसरा, डीएससीचा. पेन्शन घेऊन पुन्हा डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये लागलेल्यांची दुसरी नोकरी केरळात कन्नूरच्या रेकॉर्डला असते. त्यांच्या घरी दोन डिस्चार्ज बुके असतात आणि मुले नंतरचे, कोरे दिसणारे पुस्तक पाठवतात. १९७१ चे मेडल मागताना कन्नूरला लिहून काय होणार? पहिल्या पलटणीच्या रेकॉर्डला लिहा.

नावाचाही घोळ असतोच. जुन्या काळी भरतीच्या वेळी आडनाव न लिहिता "बाबू राव" एवढेच लिहून घेतलेले मी पाहिले आहे. आधार कार्डावर पूर्ण नाव, शीट रोलवर अर्धे, आणि पीपीओवर तिसरेच. मेडलच्या अर्जात हा वाद उकरू नका. रेकॉर्डात जे नाव आहे तेच लिहा, आणि नाव दुरुस्त करायचे असेल तर त्याचा वेगळा अर्ज करा. एका पत्रात दोन मागण्या घातल्या की सोप्या मागणीलाही अवघडाचा वेळ लागतो.

पुरावा जमवणे

आठवण हा पुरावा नाही. हे ऐकून म्हातारी माणसे दुखावतात, पण क्लार्कच्या टेबलावर "मी तिथे होतो" या वाक्याला जागाच नसते. त्याला हवी असते तारीख, युनिट आणि ठिकाण.

पेटीतले सगळे कागद अंगणात मांडा. मूव्हमेंट ऑर्डर, रजेचे सर्टिफिकेट, हॉस्पिटलचे डिस्चार्ज स्लिप, कोर्सचे निकाल, फील्ड भत्त्याचा उल्लेख असलेले पगाराचे कागद, जुने ओळखपत्र. रजेचे सर्टिफिकेट विशेष कामाचे, कारण त्यावर कुठल्या युनिटातून, कुठल्या रेल्वे स्टेशनावरून निघाला ते असते. घरी पाठवलेली पत्रेही बघा. त्यावर गावाचे नाव नसते, पण युनिट आणि तारीख असते. गटाच्या फोटोखाली पाटीवर युनिट, जागा आणि वर्ष रंगवलेले असेल तर त्याचाही फोटो काढून जोडा. एकटा फोटो पुरेसा नसला तरी तो दिशा देतो.

मग एका कोऱ्या कागदावर नोकरीची रेघ काढा: भरतीची तारीख, ट्रेनिंग सेंटर, पहिले युनिट, कधीपासून कधीपर्यंत, कुठे. जिथे तारीख आठवत नाही तिथे सण किंवा घरातली घटना लिहून ठेवा. "थोरलीचे लग्न झाले तेव्हा मी नेफात होतो" यातून साल निघते. हे काम म्हाताऱ्यांबरोबर एका बैठकीत करू नका. दोन-तीन संध्याकाळी बसा. सियाचिन म्हटले की त्यांना थंडी आठवते, तारीख नाही, आणि तारीख बहुधा चौथ्या गोष्टीत सहज निघून येते.

बरोबरीच्या सैनिकांची वही हा सगळ्यात मोठा पुरावा. त्याच कंपनीत, त्याच काळात असलेल्या दुसऱ्याच्या डिस्चार्ज बुकात ते मेडल आणि पार्ट टू ऑर्डरचा नंबर असेल तर अर्धे काम झाले, कारण एकाच ऑर्डरमध्ये अनेकदा अख्खी यादी असते. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी अशा गावांत हे सोपे, दोन घरे सोडून साक्षीदार राहतो. इतरांनी पलटणीच्या रियुनियनला किंवा माजी सैनिक संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावे.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा. युद्धाची कहाणी, सरकारचा अन्याय, आजचे आजारपण यातले काही नको. रेकॉर्ड ऑफिसचे काम हिंदी आणि इंग्रजीत चालते, म्हणून खालचा मजकूर त्यातल्या एका भाषेत करून घ्या. इथे समजण्यासाठी मराठीत देतो.

*विषय: सेवापदकाची नोंद डिस्चार्ज बुकात करणे व पदक देणे.*

*मी (नंबर, जुना नंबर असल्यास तोही, रँक, रेकॉर्डात असलेले नाव) या पलटणीतून (तारीख) रोजी निवृत्त झालो. माझा पीपीओ नंबर (…). मी (तारीख) पासून (तारीख) पर्यंत (युनिट) मध्ये (ठिकाण/मोहीम) येथे सेवेत होतो. या सेवेसाठी (मेडलचे पूर्ण नाव, क्लॅस्प) मला लागू आहे, परंतु माझ्या डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. कृपया माझ्या शीट रोलवरून व पार्ट टू ऑर्डरवरून पडताळणी करून (१) नोंद असल्यास डिस्चार्ज बुकात घ्यावी व पदक पाठवावे. (२) नोंद नसल्यास सोबतच्या पुराव्यांवरून आवश्यक ऑर्डर प्रसिद्ध करण्याची कार्यवाही करावी. (३) मी पात्र नसल्यास कोणत्या अटीमुळे, ते लेखी कळवावे.*

तिसरा मुद्दा विसरू नका. "पात्र नाही" एवढ्याच उत्तरावर पुढे काही करता येत नाही. अट कळली तर उत्तर देता येते.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती, ओळखपत्र, पुरावे आणि ते सूचीबद्ध केलेला एक कागद. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या पत्राबरोबर पाठवू नका. नोंद मान्य झाली की रेकॉर्ड ऑफिस स्वतः मूळ वही मागवते, कारण शिक्का तिच्यावर मारायचा असतो. तेव्हा पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा स्पष्ट स्कॅन काढून ठेवा आणि पोस्टाची पावती जपा. एका घरातली वही पोस्टात हरवल्याचे मी पाहिले आहे. मेडल राहिले बाजूला, पुढची दोन वर्षे दुसरी वही मिळवण्यात गेली.

अर्ज थेट पाठवता येतो, पण मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवायला सांगतो. जुनी माणसे त्याला अजून सोल्जर बोर्ड म्हणतात. तिथे प्रती साक्षांकित होतात, पत्राला कार्यालयाचा जावक नंबर पडतो आणि स्मरणपत्र कार्यालयाच्या नावाने जाते. याला पैसे लागत नाहीत. "मेडल काढून देतो, इतके द्या" म्हणणारा माणूस गाठ पडला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

दोन महिने वाट पाहा. मग पहिल्या पत्राचा नंबर आणि तारीख टाकून स्मरणपत्र. नव्याने पूर्ण अर्ज करू नका, त्याची नवी फाइल उघडते. तरी हालचाल नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभाग निवडून तक्रार नोंदवता येते.

माहितीचा अधिकार कधी वापरायचा

नोंद आहे की नाही हेच माहीत नसेल तर अर्जाच्याही आधी. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सेना केंद्राच्या अखत्यारीत आहे, म्हणून अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर करायचा. महाराष्ट्र शासनाचे पोर्टल वेगळे, तिथे टाकलेला अर्ज वाया जातो.

माहिती अधिकारात "का" विचारायचे नसते, "प्रत द्या" म्हणायचे असते. माझ्या शीट रोलची प्रत द्या. माझ्या नंबरवर प्रसिद्ध झालेल्या मेडलविषयीच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या. मला दिलेल्या पदकांच्या पाठवणीची नोंद असल्यास तिची प्रत द्या. एवढे पुरे. "माझे युनिट १९९९ मध्ये नेमके कुठे तैनात होते" असा प्रश्न टाकलात तर सुरक्षेचे कलम दाखवून नाकारतात आणि बाकीचेही उत्तर लांबते. नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील. हा अधिकार भारतीय नागरिकाला आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातवाने अमेरिकेतून अर्ज करण्यापेक्षा गावातल्या काकांच्या सहीने करावा.

कधी कधी उत्तर येते की कागद नष्ट केले आहेत. हे खरे असू शकते. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद सेनेच्या नियमावलीत आहे. पेन्शनरचे कागद जास्त काळ ठेवतात. पण कागद गेले तरी लाँग रोल राहतो. त्यात नंबर, नाव, भरती-डिस्चार्जच्या तारखा अशी मोजकी माहिती असते. वर्धापन दिनाच्या मेडलसाठी तेवढीही पुरते, मोहिमेच्या मेडलसाठी नाही. तिथे तुमच्या पेटीतलेच कागद उभे राहतील, म्हणून वर अंगण भरून मांडायला सांगितले.

सैनिक हयात नसेल तर

पत्नी किंवा कायदेशीर वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला, कौटुंबिक पेन्शनचा पीपीओ आणि नात्याचा पुरावा जोडायचा. भावांमध्ये मेडलवरून वाद असेल तर आधी घरात मिटवा आणि एकाच्या नावाने बाकीच्यांचे संमतीपत्र घ्या. दोन वारसांचे दोन अर्ज गेले की रेकॉर्ड ऑफिस हात वर करते.

दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबा-पणजोबांबद्दल विचारणारे वाढले आहेत. त्यांनी ब्रिटनच्या संरक्षण खात्याला लिहून वेळ घालवू नये. जुन्या हिंदी सैन्यातल्या शिपायांचे रेकॉर्ड इथल्याच पलटणींकडे राहिले. बर्मा, आफ्रिका किंवा इटलीत मराठा पलटणीबरोबर गेलेल्याची चौकशी बेळगावलाच करायची. युद्धात कामी आलेल्याचे नाव मात्र कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि तिथे नंबर सापडला तर बेळगावचे काम हलके होते. नावाची इंग्रजी स्पेलिंगे चार तऱ्हेने टाकून बघा. साहेबांनी ऐकू आले तसे लिहिले आहे.

नाकारले तर

लेखी नकार आल्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते, आणि अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर त्याची कारणे वेगळी मांडावी लागतात. माझे मत विचाराल तर नुसत्या एका सेवापदकासाठी तिथवर जाऊ नका. नवा पुरावा शोधून पुन्हा अर्ज करणे स्वस्त आणि बहुधा जलद. पण प्रश्न बॅटल कॅज्युअल्टीचा, म्हणजे पेन्शनचा असेल तर वकील गाठा आणि जरूर जा.

मेडल हरवले किंवा चोरीला गेले असेल तर हा सगळा मार्ग तुमचा नाही. पोलिसांत नोंद आणि प्रतिज्ञापत्र घेऊन रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्या प्रतीची मागणी करायची. तिची किंमत भरावी लागू शकते.

छावणीच्या बाजारात कुठलेही मेडल विकत मिळते. नोकरीतली माणसेसुद्धा सरकारी मेडल यायला उशीर झाला की तिथूनच घेऊन गणवेशावर लावतात. त्यात गैर नाही, नोंद असेल तर. नोंद नसताना लावू नका, झेंडावंदनाला शेजारच्या गावचा सुभेदार मेजर येतो आणि त्याला रिबनचा रंग वाचता येतो.

पाकीट आले की मेडल हातात घेऊन कड बघा. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेले असते. भिंग लागेल. नंबरातला एक आकडा चुकला असेल तर मेडल पेटीत ठेवू नका, त्याच आठवड्यात परत पाठवा, कारण त्या नंबराचा दुसरा कुणीतरी माणूस आहे आणि त्याच्या वहीतही एक ओळ कमी असणार.